इकोस्प्रिन वर्षानुवर्षं चालू, पण हृदयविकार नाही. बंद करावी का?

रानवाटा (धागाकर्ती)

माझे बाबा ७४ वर्षांचे, नाशिकला असतात. बीपी आहे, गोळीने आटोक्यात. शुगर नाही. हार्ट अटॅक, स्टेंट, लकवा यातलं आजवर काहीही झालेलं नाही. साठी उलटल्यावर आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांना इकोस्प्रिन सुरू केली, "रक्त पातळ राहील, हृदयाला बरं" एवढंच सांगून. तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर ती गोळी घेतल्याशिवाय बाबा पानावरून उठत नाहीत.

ते डॉक्टर आता निवृत्त झाले. नव्या फिजिशियन बाईंनी फाईल चाळली आणि विचारलं, "ही गोळी कशासाठी घेताय?" बाबांना उत्तर देता येईना. बाईंनी जुने कागद पाहिले, ईसीजी काढला आणि म्हणाल्या की ही बंद करू.

झालं! बाबा घरी येऊन जे चिडलेत ते अजून शांत झालेले नाहीत. म्हणे इतकी वर्षं काही झालं नाही ते या गोळीमुळेच, आता बंद केली आणि अटॅक आला तर जबाबदारी कोण घेणार? भाऊ म्हणतो डॉक्टर सांगतात तर बंद करा. काकांना (बाबांचे धाकटे बंधू) दोन स्टेंट आहेत. ते फोनवर ओरडून सांगतात, "अण्णा, एक दिवससुद्धा चुकवू नका, मला माझ्या डॉक्टरांनी बजावलंय."

एकाच गोळीबद्दल दोन डॉक्टर दोन टोकांचं बोलतात तेव्हा घरच्यांनी काय करायचं? जाणकारांनी सांगावं. अनुभवही चालतील.

टपरीवाला

आधी एक करा. दोघे भाऊ सणावाराला एकत्र आले की गोळ्यांचे डबे वेगळ्या कपाटात ठेवा.

चिंचबन

अगदी हाच प्रश्न माझ्या सासऱ्यांचा. वाचतेय.

फिरता_दवाखाना

मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, एमडी मेडिसिन. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे 'बंद करा' किंवा 'चालू ठेवा' असं इथून सांगणार नाही. पण दोन डॉक्टर दोन टोकांचं बोलतायत असं तुम्हाला वाटतंय, ते तसं नाही. दोघेही बरोबर आहेत.

इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. ती प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही. एका गोळीचा परिणाम ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे आठवडा-दहा दिवस टिकतो. गुठळी कमी होते हा फायदा. पोटात किंवा मेंदूत कुठे रक्तस्राव सुरू झाला तर तो लवकर थांबत नाही हा तोटा. प्रत्येक पेशंटमध्ये फायदा आणि तोटा दोन्ही असतात, फक्त प्रमाण बदलतं.

ज्याला अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, बायपास झालीय किंवा गुठळीमुळे लकवा झालाय, त्याच्या रक्तवाहिनीत पुन्हा गुठळी होण्याचा धोका इतका मोठा असतो की फायदा तोट्याला सहज मागे टाकतो. १९८८ मध्ये 'आयसिस-२' नावाचा अभ्यास छापून आला. अटॅक घेऊन आलेले १७,१८७ रुग्ण त्यात होते. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात सुमारे १२ वरून साडेनऊपर्यंत खाली आलं, तेही महिनाभर रोज अर्धी स्वस्त गोळी देऊन. त्यामुळे काका म्हणतात ते त्यांच्यापुरतं शंभर टक्के खरं. स्टेंटवाल्याने स्वतःच्या मनाने ही गोळी बंद करणं फार धोक्याचं. स्टेंटमध्येच गुठळी होऊन माणूस जातो.

तुमच्या बाबांना यातलं काहीच झालेलं नाही. तिथे हिशोब उलटतो, आणि वय सत्तरीच्या पुढे गेलं की जास्तच, कारण वयाबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. २०१८ मध्ये एकाच वर्षात, आधी हृदयविकार नसलेल्यांना ॲस्पिरिन देऊन पाहणारे तीन मोठे अभ्यास आले: ॲस्प्री, अराइव्ह आणि असेंड. त्यानंतर निरोगी म्हाताऱ्या माणसाला ही गोळी सरसकट देणं थांबलं. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी २०१९ मध्ये सत्तरीपुढच्यांना प्रतिबंधासाठी सरसकट देऊ नका म्हटलं. २०२२ मध्ये तिथल्या प्रतिबंधक उपचार समितीने साठीपुढे नव्याने सुरू करू नका म्हटलं, आणि आधीपासून घेणाऱ्यांनी पंचाहत्तरीच्या आसपास थांबवण्याचा विचार करावा असंही सुचवलं.

कृष्णाकाठ

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून असहमती नोंदवतो.

माझे वडील ५१ व्या वर्षी गेले. रात्री छातीत जळजळ होतेय म्हणून सोडा घेऊन झोपले, पहाटे संपलं. त्यांना 'काहीच झालेलं नव्हतं'. म्हणजे तुमच्या व्याख्येने ते गोळी न देण्याच्या गटात. आपल्याकडे पहिला झटका हाच शेवटचा ठरतो, 'होऊन गेलेल्यांच्या' यादीत जायला माणूस उरतच नाही.

आणि हे सगळे अभ्यास गोऱ्या लोकांवरचे. भारतीयांना अटॅक लवकर येतो हे जगाने मान्य केलंय. ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्यांचं पहिल्या अटॅकचं वय ५३ निघालं, बाकीच्यांचं ५८-५९. मग ॲस्प्रीमधल्या ऑस्ट्रेलियातल्या आजीआजोबांचे आकडे आपल्याला का लावायचे?

टपरीवाला

कृष्णाकाठ, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. मुद्दा दमदार आहे. उत्तराच्या प्रतीक्षेत.

यारा_काठी

मी मेलबर्नला असते, क्लिनिकल ट्रायलच्या डेटावर काम करते (ॲस्प्रीवर नाही, पण क्षेत्र तेच). 'ऑस्ट्रेलियातले आजीआजोबा' वाचून लिहावंसं वाटलं.

ॲस्प्रीमध्ये १९,११४ लोक होते. त्यातले १६,७०३ ऑस्ट्रेलियातले, २,४११ अमेरिकेतले. इथे ही माणसं मोठ्या हॉस्पिटलातून घेतली नव्हती. फॅमिली डॉक्टरांमार्फत, उपनगरांतून, छोट्या गावांतून, सत्तरी ओलांडलेली आणि हिंडतीफिरती माणसं घेतली. म्हणजे रानवाटा यांच्या बाबांसारखीच. निम्म्यांना रोज १०० मि.ग्रॅ. ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाला काय मिळतंय हे पेशंटलाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही.

मला या अभ्यासातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी काय मोजायचं ठरवलं ती. नुसते अटॅक मोजले नाहीत. माणूस जिवंत आहे का, स्मृतिभ्रंश झालाय का, स्वतःची अंघोळ-कपडे स्वतः करू शकतो का, हे एकत्र धरून 'धडधाकट आयुष्य' मोजलं. सत्तरीच्या माणसाला हेच तर हवं असतं! साधारण पावणेपाच वर्षांनी दोन्ही गट सारखेच: असं आयुष्य गमावणारे वर्षाला हजारी २१.५ आणि २१.२. मोठा रक्तस्राव मात्र ॲस्पिरिनवाल्यांत हजारी ८.६, दुसऱ्या गटात ६.२. मृत्यूही थोडे जास्तच निघाले, १२.७ विरुद्ध ११.१, आणि ते मुख्यतः कॅन्सरचे. हे शेवटचं अभ्यासकांनाही अनपेक्षित होतं. आधीच्या अभ्यासांत असं दिसलं नव्हतं, म्हणून ते सावधपणे वाचा असं त्यांनीच लिहिलंय.

कृष्णाकाठ, तुमची शंका अगदी रास्त आहे. त्यासाठी 'टिप्स-३' पाहा. २०२१ मध्ये छापून आला. ५,७१३ लोक, जवळपास निम्मे भारतातले, सरासरी वय ६४, आधी हृदयविकार नसलेले. त्यात बीपीची औषधं आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) एकत्र असलेली 'पॉलीपिल' आणि ७५ मि.ग्रॅ. ॲस्पिरिन असे दोन्ही तपासले. नुसत्या ॲस्पिरिनने अटॅक, लकवा आणि हृदयमृत्यू मिळून ४.७ टक्क्यांवरून ४.१ वर आले. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान.

कृष्णाकाठ

पण त्याच अभ्यासात पॉलीपिल आणि ॲस्पिरिन दोन्ही घेणाऱ्यांत ५.८ टक्क्यांवरून ४.१ वर आलं ना? मी वाचलंय. ते का सांगितलं नाहीत?

यारा_काठी

सांगायला हवंच होतं, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. आकडा बरोबर आहे. पण त्याच अभ्यासात नुसत्या पॉलीपिलने ५.५ चे ४.४ झाले. म्हणजे बरचसं काम बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांनी केलं. वर ॲस्पिरिनने किती भर घातली हे त्यातून स्पष्ट सांगता येत नाही.

फिरता_दवाखाना

कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांसारखे पेशंट मी पाहिलेत, त्यामुळे तुमचा राग समजतो. म्हणून मी वयावर जोर देतोय. तुम्ही सांगताय तो धोका पन्नाशीतल्या माणसाचा आहे आणि प्रश्न ७४ वर्षांच्या माणसाचा. पन्नाशीत, घराण्यात लवकर मृत्यू, डायबेटिस, तंबाखू असं सगळं असेल तर मी आजही पेशंटसमोर बसून ॲस्पिरिनचा विचार करतो. तेव्हाही असेंडचे आकडे सांगतो. १५,४८० डायबेटिसवाले, साधारण साडेसात वर्षं. हृदय-मेंदूच्या गंभीर घटना ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आल्या, मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेला. म्हणजे हजार जणांत अकरा वाचले आणि नऊ जणांना रक्तस्राव झाला. यावर एक पेशंट "द्या" म्हणतो, दुसरा "नको" म्हणतो, आणि दोघांचंही बरोबर असतं.

पण छातीतली जळजळ, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं याला 'गॅस' समजून घरी बसणं, यात आपल्याकडे जितके जीव जातात तितके ॲस्पिरिन न घेतल्याने जात नाहीत. ईसीजी लगेच काढा. रात्र असली तरी काढा.

टपरीवाला

भारतीयांसाठी वेगळा अभ्यास हवा हे पटतं. मग मराठी माणसासाठी वेगळा, कोकणी माणसासाठी वेगळा, आणि कन्या राशीसाठी वेगळा!

यारा_काठी

टपरीवाला, राशीचा अभ्यास झालाय, खरंच! डॉक्टरांनी वर सांगितलेला आयसिस-२ आहे ना, त्याच्या लेखात पेशंटचे गट जन्मराशीप्रमाणे पाडून दाखवलेत. मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिनचा फायदा दिसत नाही, उलट किंचित तोटाच. बाकी सगळ्या राशींना घसघशीत फायदा. अभ्यासकांनी हे मुद्दाम छापलं. मोठ्या अभ्यासाचे हवे तितके तुकडे पाडत गेलं की कुठल्यातरी तुकड्यात निव्वळ योगायोगाने काहीतरी विचित्र निघतंच, हे त्यांना दाखवायचं होतं. आम्हाला शिकवताना पहिल्याच आठवड्यात हे उदाहरण देतात.

टपरीवाला

माझी तूळ आहे. मला आता टेन्शन.

दुपारची_झोप

विषय गमतीवर गेलाय, पण आमच्या घरात झालं ते लिहिते. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

सासूबाई, वय ७१. कधीतरी टीव्हीवरच्या चर्चेत ऐकून स्वतःच इकोस्प्रिन सुरू केलेली, मेडिकलवाला देतो. गुडघे दुखतात म्हणून दुखण्याची गोळीही मेडिकलमधूनच. दोन्ही एकत्र, रोज, आणि घरात कोणालाच पत्ता नाही. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता त्या ओट्याला धरून खाली बसल्या. चेहरा पांढराफटक, हात गार. हॉस्पिटलात हिमोग्लोबिन ६. दुर्बीण घातली तर जठरात अल्सर, त्यातून रक्त झिरपत होतं.

नंतर विचारलं तेव्हा कळलं की बरेच दिवस त्यांना डांबरासारखी काळी, चिकट शी होत होती. लाजेने सांगितलं नाही. त्यांना वाटलं लोहाच्या गोळ्यांमुळे होतंय. पोट एकदाही दुखलं नव्हतं, आणि हे डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणाले की असंच असतं, ॲस्पिरिनने दुखणंही दबून जातं.

रक्ताच्या बाटल्या चढवल्या, वाचल्या. आता मी दर महिन्याला त्यांच्या उशीखालचा डबा रिकामा करून प्रत्येक गोळी बघते. राग येतो त्यांना. येऊ दे.

चिंचबन

बाप रे. माझे सासरेही गुडघ्यासाठी मधूनमधून घेतात. आजच बघते. पण इकोस्प्रिनवर कोटिंग असतं ना, ती पोटात विरघळत नाही म्हणतात?

फिरता_दवाखाना

चिंचबन, कोटिंगचा हा गैरसमज फार पसरलाय. कोटिंगने जळजळ थोडी कमी होते. अल्सर आणि रक्तस्राव त्याने टळत नाहीत, कारण गोळी रक्तात गेल्यावरच जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करते. हे कसं होतं ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ज्याला ॲस्पिरिन खरंच लागते आणि अल्सरचा धोकाही आहे, त्याला आम्ही सोबत ॲसिड कमी करणारी गोळी देतो.

दुपारची_झोप यांनी लिहिलेली जोडी, ॲस्पिरिन आणि वेदनाशामक, ही मी महिन्यातून अनेकदा पाहतो. शिवाय आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी घेतली तर ॲस्पिरिनचं कामच अडवते. म्हणजे स्टेंटवाल्याला दुहेरी तोटा.

अजून एक, पावसाळा आहे म्हणून. ताप आला तर अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यातलं काहीही घेऊ नका. डेंग्यू असेल तर प्लेटलेट्स आधीच घसरलेल्या असतात. फक्त पॅरासिटामॉल. स्टेंटवाल्यांनी तापात आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा, मनाने गोळी थांबवायची नाही.

आंबोळी

थोडं अवांतर. माझ्या वहिनीला चौथा महिना लागलाय आणि तिला रात्री ॲस्पिरिन १५० दिलीय. हा धागा वाचून आई घाबरली, तिने गोळ्या लपवून ठेवल्या! गरोदर बाईला रक्तस्रावाची गोळी का देतात?

फिरता_दवाखाना

आंबोळी, आईंना सांगा गोळ्या लगेच परत द्या. ज्यांना गरोदरपणात बीपी वाढून झटके येण्याचा धोका जास्त असतो, त्यांना ही मुद्दाम देतात. २०१७ च्या 'ॲस्प्रे' अभ्यासात धोका जास्त असलेल्या १,७७६ गरोदर बायकांपैकी निम्म्यांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मि.ग्रॅ. दिली. ३७ आठवड्यांच्या आत हा आजार होण्याचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. वहिनीला कोणत्या कारणाने दिलीय ते तिच्या डॉक्टरांना विचारा. पण थांबवू नका.

आंबोळी

आईला वाचून दाखवलं. गोळ्या तांदळाच्या डब्यातून बाहेर आल्या. धन्यवाद!

कृष्णाकाठ

डॉक्टर, आणखी एक विचारतो. बंद केल्यावर अटॅक वाढतात असा स्वीडनचा अभ्यास आहे. २०१७, सहा लाख लोक. थांबवणाऱ्यांत घटना ३७ टक्क्यांनी जास्त. रानवाटांच्या बाबांची भीती अगदीच निराधार नाही.

यारा_काठी

भीती निराधार नाहीच. पण त्या अभ्यासात कोण थांबवेल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, औषधांच्या नोंदवहीवरून नंतर शोधलं. माणूस गोळी का थांबवतो? बऱ्याचदा दुसरं काही आजारपण निघालं, रक्तस्राव झाला, खाणंपिणं सुटलं म्हणून. अशांना पुढे काही होणं हे गोळी थांबल्यामुळे की त्या आजारपणामुळे, हे वेगळं काढणं कठीण. आणि ज्यांना आधी हृदयविकार होता त्यांचा धोका जास्त वाढलेला दिसला, जे अपेक्षितच आहे.

गल्लीतला_केमिस्ट

कोल्हापुरात मेडिकल चालवतो. दुपारची_झोप यांचं वाचून आमच्या धंद्याबद्दल जे वाटायचं ते वाटलंच, त्यावर वाद नाही. रानवाटाताईंना मला एकच विचारायचंय, आणि ते इथे अजून कोणीच विचारलेलं नाही.

बाबांची गोळी नुसती इकोस्प्रिन आहे की एव्ही?

काउंटरवर रोज बघतो. लोक सगळ्यालाच 'इकोस्प्रिन' म्हणतात. नुसती ७५ असते, १५० असते. एव्ही म्हणजे ॲस्पिरिन अधिक ॲटोर्वास्टॅटिन, कॅप्सूलमध्ये. रोसुवास्टॅटिनबरोबरची वेगळी, क्लोपिडोग्रेल घालून तिघं एकत्र असलेलीही वेगळी. डॉक्टर सांगतात 'ॲस्पिरिन थांबवा', पेशंट अख्खी कॅप्सूल थांबवतो आणि कोलेस्टेरॉलचं औषधही बंद होतं. उलटही होतं: नुसती ॲटोर्वा लिहिलेली असते आणि जुन्या सवयीने माणूस एव्ही मागून नेतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, तिथे फोटो काढून मोठा करून वाचा.

फिरता_दवाखाना

गल्लीतला_केमिस्ट, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. मी पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस कामात होते, आज नाशिकला येऊन डबा उघडला.

कॅप्सूल आहे. एव्ही, ७५/१०. ॲस्पिरिन ७५, ॲटोर्वास्टॅटिन १०.

मग बाईंची चिठ्ठी पुन्हा काढली. तिच्यावर दोन ओळी आहेत. पहिलीत एव्हीवर काट मारलेली, खाली दुसरी: ॲटोर्वा १०, रात्री एक. घरात सगळ्यांनी पहिली ओळच वाचली. दुसऱ्या ओळीला कोणी हातच लावला नाही. बाबांनी रागात जुनीच चालू ठेवली होती म्हणून निदान ॲटोर्वा तरी पोटात जात राहिली.

टपरीवाला

रागाचाही उपयोग होतो तर!

दुपारची_झोप

रानवाटा, बाबांना सोबत घेऊन पुन्हा जा. तुम्ही एकट्या जाऊन निरोप आणलात तर ते ऐकणार नाहीत. माझा अनुभव.

फिरता_दवाखाना

+१. आणि डॉक्टरांच्या बाजूने एक सांगतो. गोळी सुरू करायला सगळे असतात, थांबवायला कोणी तयार नसतो. हृदयवाला म्हणतो ही फिजिशियनची, फिजिशियन म्हणतो जुन्या डॉक्टरांनी दिलीय तर असू दे. थांबवली आणि पुढच्या महिन्यात योगायोगाने काही झालं तर नातेवाईक कोणाच्या दारात येणार, हे प्रत्येक डॉक्टरच्या मनात असतं. चालू ठेवली आणि अल्सर फुटला तर मात्र 'वयाप्रमाणे झालं' म्हणून सगळे गप्प बसतात. ज्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत 'ही कशासाठी?' असं विचारलं, त्यांना सोडू नका. असा प्रश्न विचारायला वेळ लागतो आणि हिंमतही.

रानवाटा

काल बाबांना घेऊन गेले. सविस्तर लिहिते, कारण चिंचबन यांनाही उपयोग होईल.

बाईंनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं. पोटाची कधी तक्रार, काळी शी, दुखण्याच्या गोळ्या, सगळं विचारलं. बाबा जेमतेम हं-हं करत होते. शेवटी त्यांनी जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "मग आमच्या डॉक्टरसाहेबांनी इतकी वर्षं मला चुकीचं औषध दिलं का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की अटॅकची भीती थोडीच होती. ज्या डॉक्टरांनी आजीला शेवटपर्यंत घरी येऊन पाहिलं, आम्हा भावंडांच्या गोवर-कांजिण्या काढल्या, त्यांना कोणी खोटं पाडतंय असं बाबांना वाटत होतं.

बाई खुर्ची पुढे घेऊन बसल्या. म्हणाल्या, काका, त्यांनी दिली तेव्हा जगभर डॉक्टर हेच देत होते. अमेरिकेत २२,०७१ डॉक्टरांनी स्वतःवरच हा अभ्यास करून घेतला होता, १९८९ मध्ये निकाल छापून आला, पहिला अटॅक येण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. मग कोण देणार नाही? पण त्यातही हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झालेले नव्हते, आणि त्या काळात स्टॅटिन नव्हती, बीपीचे उपचार आजइतके चांगले नव्हते. आता तुमचं बीपी गोळीने आटोक्यात आहे, कोलेस्टेरॉलचं औषध चालू आहे, तेव्हा ॲस्पिरिनला करायला फारसं काही उरत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वयाने वाढलाय. तुमचे डॉक्टरसाहेब आज प्रॅक्टिस करत असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

बाबा काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांना फोन करून विचारू का?" बाई हसून म्हणाल्या, जरूर करा, माझा नंबरही द्या.

संध्याकाळी फोन झाला. जुने डॉक्टर म्हणाले, बंद करा. बाबांनी स्वतः जाऊन नुसती ॲटोर्वा आणली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

काकांनाही फोन केला आणि त्यांची चालूच ठेवायची हे दोनदा सांगितलं.

गल्लीतला_केमिस्ट

उरलेल्या एव्ही घरात ठेवू नका. पुन्हा डब्यात येतात.

कृष्णाकाठ

रानवाटा, बाबांसाठी बरं वाटलं. ७४ व्या वर्षाबद्दलचा माझा आक्षेप मागे घेतो. पन्नाशीबद्दलचा नाही. मी ४६ चा आहे. फिरता_दवाखाना, वडिलांचा इतिहास लक्षात घेता मी स्वतः काय तपासून घ्यावं?

फिरता_दवाखाना

बीपी, तीन महिन्यांची सरासरी शुगर, उपाशीपोटी लिपिड आणि एकदाच लिपोप्रोटीन-ए. हे शेवटचं आनुवंशिक असतं, आपल्याकडे लवकर अटॅक येणाऱ्या घराण्यांत बऱ्याचदा वाढलेलं सापडतं आणि नेहमीच्या पॅकेजमध्ये नसतं, वेगळं सांगावं लागतं. तंबाखू असेल तर आजपासून बंद. रिपोर्ट घेऊन तुमच्या फिजिशियनकडे बसा, वडिलांचं वय आणि त्या रात्री काय झालं ते सांगा. स्टॅटिनचा निर्णय आधी, ॲस्पिरिनचा नंतर.

कृष्णाकाठ

शनिवारी रक्त देतो. धाकट्या भावालाही नेतो.

चिंचबन

सासऱ्यांच्या डब्यात नुसती ७५ निघाली आणि दोन प्रकारच्या दुखण्याच्या गोळ्या. पण त्यांची बायपास झालेली आहे, म्हणजे ॲस्पिरिन लागणारच ना? परवा दाढ काढायची आहे आणि दाताचे डॉक्टर म्हणतात पाच दिवस आधी बंद करा.

फिरता_दवाखाना

बायपास आहे म्हणजे ॲस्पिरिन लागते. दुखण्याच्या गोळ्या आजच बाजूला काढा, गुडघ्यांसाठी दुसरा उपाय त्यांच्या डॉक्टरांकडून घ्या. साध्या दाढेसाठी ॲस्पिरिन सहसा थांबवत नाहीत, जागेवर टाका आणि दाब देऊन रक्त थांबवतात. तरी निर्णय तुम्ही घेऊ नका. दाढ काढायच्या आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर दाताच्या डॉक्टरांना द्या आणि दोघांना एकमेकांशी बोलायला सांगा.

चिंचबन

दिला नंबर. दुपारी बोलणार आहेत.